सेवा महागते, पण सेवेकरी स्वस्तच का राहतो?

१

महानगरपालिका असो, जिल्हा परिषद असो की विद्यापीठ असो, अंदाजपत्रकाची चर्चा सुरू झाली की एक वाक्य हमखास ऐकू येते : आस्थापना खर्च फार वाढला आहे. त्याच्या पाठोपाठ दुसरे वाक्य येते : म्हणून कायम पदे भरता येत नाहीत, काम कंत्राटाने द्यावे लागेल. यांतले पहिले वाक्य बहुतांशी खरे आहे. दुसरे मात्र पहिल्यातून निघत नाही. तरीही गेली तीस-चाळीस वर्षे ही दोन वाक्ये जोडीनेच उच्चारली जात आहेत, आणि त्यांची किंमत झाडूवाल्याला, गटारात उतरणाऱ्या कामगाराला, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकाला आणि फी भरू न शकणाऱ्या विद्यार्थ्याला मोजावी लागत आहे. यांत आपली माणसे किती आहेत, हे या पानांच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही.

सेवा महाग का होत जाते, या प्रश्नाला अर्थशास्त्राने उत्तर दिलेले आहे. ते उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. पण ते एका गृहीतकावर उभे आहे, आणि जातीच्या समाजात ते गृहीतक टिकत नाही. एवढी एकच गोष्ट मला इतिहासाच्या आधाराने मांडायची आहे.

२

विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकात नाटक कंपन्या, वाद्यवृंद आणि नृत्यसंस्था यांच्या जमाखर्चाचा अभ्यास केला. तो १९६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. प्रेक्षक येत असूनही या संस्था सतत तोट्यात का असतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना दिसले ते असे. बीथोवेनने चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला त्याच्या काळी चारच माणसे लागत आणि जेवढा वेळ लागे, तेवढीच माणसे आणि तेवढाच वेळ आजही लागतो. आपल्याकडच्या जलशाचेही तसेच आहे. रात्रभराचा जलसा यंत्र लावून तासाभरात उरकता येत नाही. पण याच काळात कारखान्यातला कामगार यंत्राच्या जोरावर पूर्वीच्या कितीतरी पट माल काढू लागला आणि त्याची मजुरी वाढली. मग वादकाची मजुरी जुन्या काळातलीच ठेवली तर वादक मिळेल कोठून? तो वाद्य खाली ठेवून कारखान्याची वाट धरील. म्हणून त्याचीही मजुरी वाढवावी लागते. काम तेवढेच आणि मजुरी जास्त, म्हणजे दर कार्यक्रमाचा खर्च वाढला. पुढे या घटनेला 'खर्चरोग' किंवा 'बॉमोलचा रोग' असे नाव पडले.

हे एका हिशेबाने अधिक स्पष्ट होईल. एका गावात एक विणकर आणि एक शिक्षक आहे असे धरू. विणकर दिवसाला २० मीटर कापड विणतो, शिक्षक २० मुलांना शिकवतो, आणि दोघांनाही २० रुपये रोज मिळतो. कापड मीटरला १ रुपया पडले आणि एका मुलाचा एका दिवसाचा शिक्षणखर्चही १ रुपयाच पडला. आता यंत्रमाग आला. विणकर ८० मीटर कापड काढू लागला आणि त्याचा रोज ४० रुपये झाला. कापडाची मजुरी मीटरला आठ आण्यांवर उतरली. शिक्षकाला २० रुपयेच दिले तर तो मागावर जाईल. म्हणून त्यालाही ४० रुपये दिले. पण तो मुले शिकवतो २०च. म्हणजे एका मुलाचा खर्च २ रुपये झाला. पूर्वी एका मुलाच्या शिक्षणाला १ मीटर कापडाइतका खर्च येई, तो आता ४ मीटर कापडाइतका येतो. शिक्षक आळशी झाला म्हणून शिक्षण महागले असे येथे घडलेले नाही. कापड स्वस्त झाले, म्हणून शिक्षण महाग दिसू लागले.

याच हिशेबात दुसरीही एक गोष्ट दडलेली आहे आणि आपल्या दृष्टीने तीच महत्त्वाची आहे. पूर्वी त्या गावाकडे २० मीटर कापड आणि शिकलेली २० मुले होती. आता ८० मीटर कापड आहे आणि शिकलेली मुले २०च आहेत. गावाने काहीही गमावलेले नाही. उलट ते पूर्वीपेक्षा श्रीमंत झाले आहे. मग 'शिक्षण परवडत नाही' असे ते गाव कोणत्या तोंडाने म्हणणार? त्याला पूर्वीइतके शिक्षण तर परवडतेच, त्याहून जास्तही परवडते. फक्त वाढलेल्या कापडातला काही भाग शिक्षकाकडे वळवावा लागतो. हे वळवण्याचे काम कराने होते, आणि खरा विरोध असतो तो तेथे. स्वतः बॉमोल यांनीही हेच बजावले होते. २०१२ साली, नव्वदीला टेकले असताना, त्यांनी या विषयावर पुन्हा पुस्तक लिहिले आणि वाढत्या खर्चाला घाबरून शिक्षण-आरोग्याला कात्री लावणे हीच खरी घोडचूक ठरेल असे मांडले. रोगाचे नाव सर्वांच्या तोंडी झाले. वैद्याचा सल्ला मात्र कोणी ऐकला नाही.

३

आता गृहीतकाकडे वळू. वरच्या हिशेबात शिक्षकाचा रोज २० वरून ४० झाला, तो कोणाच्या दयेने झाला नाही. 'नाहीतर तो मागावर जाईल' या एका धास्तीने झाला. सगळा सिद्धांत या 'नाहीतर'वर उभा आहे. सेवा करणाऱ्याला बाहेर पडायला दार आहे आणि पलीकडे कारखान्याचे दार त्याच्यासाठी उघडे आहे, असे त्यात धरून चाललेले आहे. दार बंद असेल तर काय होते? जेथे हा सिद्धांत जन्मला त्या अमेरिकेतच याचे उत्तर मिळते.

१९६७ साली बॉमोल यांनी हाच विचार शहरांच्या कारभाराला लावून दाखवला. शाळा, पोलीस, रुग्णालये, कचरा उचलणे ही कामे माणसांच्या हातांची असल्यामुळे शहराचा खर्च वाढतच राहणार, असे त्यांनी सांगितले. पुढच्याच वर्षी फेब्रुवारीत दोन शहरांतल्या कचरा कामगारांनी संप केला. न्यूयॉर्कमधले कामगार बहुसंख्येने गोरे होते, त्यांची युनियन बलवान होती. त्यांचा नेता तुरुंगात गेला, शहरात कचऱ्याचे ढीग साचले, आणि ९ दिवसांत संप मिटून त्यांना पगारवाढ मिळाली. दक्षिणेतल्या मेम्फिसमध्ये मात्र सुमारे १३०० कामगार होते आणि ते जवळजवळ सर्व कृष्णवर्णीय होते. १ फेब्रुवारी १९६८ रोजी पावसापासून आडोसा म्हणून कचरागाडीत शिरलेले दोन कामगार कचरा दाबणाऱ्या यंत्रात चिरडून मेले. १२ तारखेला संप सुरू झाला. पूर्णवेळ काम करूनही सरकारी मदतीवर जगावे लागेल इतकी त्यांतल्या अनेकांची मजुरी कमी होती. नगराध्यक्ष त्यांची युनियन मान्य करायलाच तयार नव्हता. कामगारांनी गळ्यात 'मी माणूस आहे' अशा पाट्या अडकवल्या. त्यांच्या पाठिंब्यासाठी आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला तेथेच हत्या झाली. त्यानंतर १६ एप्रिलला तडजोड झाली.

काम एकच, देश एकच, महिनाही एकच. एका ठिकाणी ९ दिवस लागले. दुसऱ्या ठिकाणी दोन महिने आणि किंग यांचा प्राण. या फरकाचे उत्तर उत्पादकतेच्या तक्त्यात सापडणार नाही. न्यूयॉर्कच्या गोऱ्या कामगारापुढे दहा धंदे होते आणि त्याच्यामागे मतपेटीची ताकद होती. मेम्फिसच्या काळ्या कामगारापुढे दुसरे दार नव्हते, आणि हे तेथल्या नगराध्यक्षाला ठाऊक होते.

घरकामाचा दाखला तर याहून बोलका आहे. १९४० साली अमेरिकेत नोकरी करणाऱ्या दर १० कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी सुमारे ६ जणी दुसऱ्याच्या घरात घरकाम करीत होत्या. किमान वेतन ठरवणारा १९३८चा कायदा घरकामाला लागूच नव्हता. तो १९७४ साली लागू झाला. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांची दारे थोडी किलकिली झाली. १९६४च्या नागरी हक्क कायद्यानंतर कचेऱ्या, दुकाने, रुग्णालये यांतली दारे उघडू लागली. मग काही दशकांतच या स्त्रिया घरकामातून मोठ्या संख्येने बाहेर पडल्या, आणि 'मोलकरीण मिळत नाही, मिळाली तर परवडत नाही' ही तक्रार गोऱ्या मध्यमवर्गात वाढली. सेवा महागली ती येथे. जिला महागाई म्हणून नावे ठेवली गेली, ती त्या स्त्रियांच्या सुटकेची किंमत होती.

४

ही तक्रार आपल्या कानांना नवी नाही. गावगाड्यात महाराकडे येसकरकी होती, तराळकी होती, सांगावा पोचवणे होते, सरकारी कामगाराची सरबराई होती, मेलेले ढोर ओढणे होते. याचा मोबदला म्हणजे सुगीला मिळणारे बलुते आणि हाडकी-हाडोळ्याचा तुकडा. अर्थशास्त्राच्या नजरेने पाहिले तर बलुते म्हणजे काय? सेवेची किंमत कायमची गोठवून ठेवण्याची ती व्यवस्था होती. कामाला ठरलेले तास नव्हते, मोबदल्याला वाटाघाट नव्हती, आणि वतन एका माणसाचे नसून साऱ्या घराण्याचे असल्यामुळे घरातला कोणीही केव्हाही वेठीला धरता येई. १८७४च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने इंग्रज सरकारने हीच व्यवस्था आपल्या कारभाराला जुंपून घेतली. या वतनाच्या बेडीतून महारांना मोकळे करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्ती विधेयक मांडले. ते तेव्हा पार पडले नाही. कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडावे लागले.

उत्तर हिंदुस्थानात तर दाराला कायद्याचेच कुलूप होते. १९११चा पंजाब म्युनिसिपल कायदा आणि १९१६चा संयुक्त प्रांतांचा म्युनिसिपालिटी कायदा यांनी 'परंपरागत सफाईगार' असा एक माणूसच कायद्यात निर्माण केला. त्याने घरमालकाचे मैल्याचे काम नीट केले नाही, तर त्याला न्यायाधीशापुढे उभे करून शिक्षा देता येई. दुसऱ्या कोणत्याही धंद्यातल्या माणसाने काम सोडले तर तो फार तर कराराचा भंग. भंग्याने सोडले तर गुन्हा! बॉमोल यांच्या सिद्धांतातले 'नाहीतर तो निघून जाईल' हे वाक्य येथे कायद्यानेच खोडून टाकले होते. संप करणे गुन्हा ठरवू पाहणाऱ्या १९३८च्या औद्योगिक कलह विधेयकाला बाबासाहेबांनी विरोध केला, तेव्हा माणसाला मनाविरुद्ध कामाला जुंपणे ही गुलामगिरीच होय असा त्यांचा युक्तिवाद होता. त्या युक्तिवादामागे हा सगळा अनुभव उभा होता. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला स्वतंत्र मजूर पक्षाने कम्युनिस्टांच्या बरोबरीने एक दिवसाचा संप घडवला.

मग गिरण्यांचे काय? मुंबईत १८५४ साली पहिल्या कापड गिरणीची कंपनी उभी राहिली, त्याच्या आदल्या वर्षी रेल्वे धावली. गावकुसाबाहेरची माणसे रेल्वेत, गोदीत, गिरणीत शिरली. दार उघडले खरे, पण अर्धेच. गिरणीत जास्त पगार विणाई खात्यात होता. तेथे धोट्यातली कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आपल्या तोंडी लागेल म्हणून स्पृश्य कामगारांनी त्यांना त्या खात्यात येऊ दिले नाही. ते कमी पगाराच्या सूतकताईच्या रिंग खात्यात राहिले. १९२८च्या मोठ्या संपात ही बंदी उठवण्याची मागणी इतर मागण्यांबरोबर घेतली जावी असा आग्रह बाबासाहेबांना धरावा लागला. लाल बावट्याखाली एकत्र आलेल्या कामगारांतही जातीची भिंत उभीच होती. जात म्हणजे नुसती श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे, असे त्यांनी १९३६ साली सांगितले, त्यातला एक अर्थ हा आहे. उत्पादकता वाढली ती विणाई खात्यात. तिचा लाभ झाडूवाल्यापर्यंत पोचायचा तर झाडूवाल्याला विणाई खात्यात जाता आले पाहिजे. ते दार बंद असेल तर कारखान्यात मजुरी कितीही वाढो, झाडूची मजुरी जागची हलत नाही.

तरीही लोक बाहेर पडले. महाडनंतर आणि विशेषतः १९५६च्या धम्मदीक्षेनंतर गावोगावी आपल्या माणसांनी ढोर ओढणे, सांगावा नेणे, बलुते मागणे सोडले. त्यावर गावाने बहिष्कार टाकले, मारहाण केली, 'माजलेत' म्हणून शिव्या दिल्या. या रागाकडे आपण सहसा केवळ धर्माभिमान म्हणून पाहतो. त्यात एक रोकडा हिशेबही होता. जे काम पिढ्यान् पिढ्या फुकटात होत होते, त्याला आता पैसे मोजावे लागणार होते.

५

दार उघडायला मदत करण्याऐवजी स्वतंत्र भारताच्या सरकारांनी पुष्कळदा आतच थोडी सोय करून दिली. मुंबई सरकारने १९४९ साली नेमलेल्या बर्वे समितीने, आणि नंतर केंद्राने नेमलेल्या मलकानी समितीने सफाईगारांच्या हालांचे वर्णन केले. त्यातून पुढे आल्या त्या डोक्यावरच्या टोपलीऐवजी हातगाड्या. हाताने मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा व्हायला १९९३ साल लागले, आणि २०१३ साली तो पुन्हा नव्याने करावा लागला.

येथे खर्चरोगाच्या सिद्धांताची दुसरी बाजू दिसते. काही कामांत यंत्र चालत नाही, असे तो धरून चालतो. शिकवण्याच्या किंवा शुश्रूषेच्या बाबतीत ते खरे आहे. पण गटार साफ करण्यात यंत्र न चालण्यासारखे काय आहे? तुंबलेले गटार मोकळे करणारी यंत्रे जगात केव्हाच आली. आपल्याकडेही केरळात २०१८ साली मॅनहोलमध्ये माणसाच्या जागी उतरणारे यंत्र वापरात आले. मग गटारात माणूस का मरतो? कारण यंत्रापेक्षा माणूस स्वस्त पडतो. माणूस स्वस्त असला की यंत्र येत नाही, यंत्र आले नाही की काम मागासलेलेच राहते, आणि काम मागासलेले म्हणून त्याला मजुरी कमी. हे चक्र निसर्गाने फिरवलेले नाही. ते जातीने फिरवले आहे. गटारात मेलेल्या कामगाराच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली ठरवले, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. न्यायालयाने मरणाची किंमत वाढवली हे योग्यच झाले. जिवंतपणीच्या रोजाची किंमत मात्र कंत्राटदार ठरवतो.

कंत्राट म्हणजे काय, हेही या चौकटीत समजून घेतले पाहिजे. युनियन, वेतन आयोग आणि कायम नोकरी यांमुळे शहरांतल्या सफाई कामगाराचा पगार कारकुनाच्या जवळ येऊ लागला होता. खर्चरोगाचा नियम निदान येथे तरी आपल्या बाजूने काम करू लागला होता. नेमक्या त्याच वेळी मागच्या दाराने कंत्राट आले. १९७०चा कंत्राटी कामगार कायदा २० किंवा अधिक कामगारांना लागू होता, म्हणून मुंबईत त्याहून कमी माणसांची छोटी छोटी कंत्राटे पाडली गेली. १९७२च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून आणि देशावरून आलेल्या बौद्ध-मातंग कुटुंबांची माणसे त्यांत भरली गेली. कचरा वाहतूक श्रमिक संघाच्या दीर्घ लढ्यानंतर २७०० कंत्राटी सफाई कामगारांना कायम करण्याचा निर्णय एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरला. कंत्राट हा खर्चावरचा उपाय नव्हे. बलुत्याची ती नवी आवृत्ती आहे. सेवेची किंमत गोठवण्याचे काम पूर्वी रूढी करी, आता निविदा करते.

आपल्या चळवळीपुढचा एक अवघड प्रश्नही मी टाळणार नाही. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळते. तिच्याबरोबर डोक्यावरचे छप्परही टिकते. म्हणून कोणीही शहाणा माणूस हा हक्क सोडा असे म्हणणार नाही. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती देणारा हक्क शेवटी वतनाच्याच वाटेने जातो. पगार वाढला पण दार बंदच राहिले, अशी ही अवस्था आहे. पदवी घेतलेल्या वारसाला त्याच्या शिक्षणाला साजेसे दुसरे काम मिळाले पाहिजे, केवळ कागदावर नव्हे तर प्रत्यक्षात; आणि झाडूच्या जागेवर कोणत्याही जातीच्या माणसाला येऊ द्यावे. तो आला तर झाडू त्यानेच हाती धरला पाहिजे, पगार स्वतः घेऊन चार पैशांत आपल्या माणसाला कामावर पाठवता कामा नये.

हे झाले सेवा देणाऱ्याचे. सेवा घेणाऱ्याकडे पाहिले तरी तोच प्रकार दिसतो. न्यूयॉर्कच्या शहर विद्यापीठाची परंपरा १८४७ पासून विनाशुल्क शिक्षणाची होती. १९७० साली त्याने सर्वांना प्रवेश खुला केला आणि कृष्णवर्णीय व पोर्टोरिकन मुले मोठ्या संख्येने आत आली. शहराचा खजिना रिकामा झाल्याचे कारण देऊन १९७६ साली तेथे फी बसली. महाराष्ट्रातही शिष्यवृत्तीच्या बळावर आपली पहिली मोठी पिढी महाविद्यालयांत पोचली, आणि १९८३ पासून विनाअनुदानित महाविद्यालयांचे युग सुरू झाले. वंचित उंबरठ्यावर आला की सेवा परवडत नसल्याचा शोध लागतो, हा योगायोग दोन खंडांत सारखाच घडावा हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून 'आस्थापना खर्च वाढला' असे कोणी म्हणाले की आपण लगेच बचावाचा पवित्रा घेऊ नये. होय, वाढला, तो वाढायलाच हवा. शिक्षक, परिचारिका, सफाई कामगार यांच्या मजुरीने गिरणीच्या, कारखान्याच्या, संगणकाच्या मजुरीबरोबर वर जाणे ही समाज श्रीमंत होत असल्याची खूण आहे. प्रश्न एवढाच विचारावा की यंत्राने वाढलेले कापड गेले कोणाच्या घरात, आणि त्यावर कर कोण भरतो. कार्यकर्त्यांनी पालिकेच्या अंदाजपत्रकात कंत्राटदाराच्या बिलाखाली किती माणसे लपली आहेत हे शोधावे. शिक्षकांनी वरचा विणकराचा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून दाखवावा. विद्यार्थ्यांनी 'परवडत नाही' हा शब्द ऐकला की 'कोणाला?' असे विचारण्याची सवय लावून घ्यावी. जातीने बंद केलेली दारे उघडतील तेव्हा गटारात उतरायला माणूस मिळणार नाही, कोणत्याही किमतीला मिळणार नाही. त्या दिवशी यंत्र आपोआप परवडू लागेल.